शिळं पाणी

"अगं, पाज ना तिला ते पाणी! ओतलंस कशाला?"

अपेक्षाचा आवाज चढला तशी राजनंदिनीनं टॅब छातीशी धरला. तिच्याआधी दोघी हरल्या होत्या, आता तीही हरली.

मुलांना चांगल्या सवयी लावणारा गेम अपेक्षानं बनवला होता. तो घेऊन ती पुण्याहून सोलापूरच्या या शाळेत आली होती, आणि सहावीतल्या तिघींना त्याची पहिली पायरीच चढता येईना. पायरी तरी काय? सोनी नावाची मुलगी सकाळी उठते. स्वयंपाकघरात नळ वाहत असतो, ओट्यावर भरलेली कळशी असते. सोनीला दिवसभरात आठ पेले पाणी पाजलं की जिंकलात. पण तिघींनीही तिला थेंबभर न पाजता आधी कळशी मोरीत उपडी केली. 'पाणी वाया घालवलं' म्हणून गेमनं गुण कापले.

चार वाजता तिच्या कंपनीचे प्रमुख उदयसिंह सर पुण्याहून व्हिडिओवर येणार होते. मुलींना गेम जमला तर तो दोनशे शाळांत जाणार होता. नाही जमला तर दहा महिन्यांचं काम बासनात, आणि अपेक्षानं पुन्हा कंपनीच्या रमी गेमचे पत्ते रंगवत बसायचं. 'गेम तिथला वाटला पाहिजे,' असं सर म्हणाले तेव्हा 'मी सोलापूरचीच आहे, सर,' असं तिनंच छाती ठोकून सांगितलं होतं. सोनीला गणवेश इथला, पांघरायला चादर इथली, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आणखी काय डोंबल इथलं करायचं?

"का ओतलंस?" तिनं जमेल तितक्या शांतपणे विचारलं.

"शिळं हाय की ते."

"पाणी शिळं?"

"नळ आलाय न्हवं? मग कळशीतलं शिळंच की. आदी ते ओतायचं, कळशी घासायची, मग ताजं भरायचं." अशी साधी गोष्ट मॅडमना सांगावी लागते, याचं राजनंदिनीला नवल वाटत होतं.

पुण्याला गेल्यापासून सात वर्षांत हा शब्द अपेक्षाच्या कानावर पडला नव्हता. आपली आई मोरीत कळशी घासताना डोळ्यांपुढं दिसली आणि ती स्वतःवरच चरफडली. तिनं लॅपटॉप उघडला, चित्रातला नळ बंद केला आणि टॅब पुन्हा मुलींच्या हातात दिला.

या वेळी कळशी कुणी उपडी केली नाही. तिघींनी मिळून सोनीला एकच पेला पाजला आणि हात बांधून बसल्या. घड्याळ पळत होतं. सोनीचा चेहरा सुकत चालला होता.

"अजून सात पेले आहेत ना? पाजा की!"

"नळ बंद हाय, मॅडम. कळशी पुरवायची हाय."

वेळ संपली. सोनी आडवी पडली. अपेक्षानं डोक्याला हात लावला, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉपवर उदयसिंह सरांचा चेहरा उगवला.

"काय मग, जमलं का मुलींना?"

अपेक्षानं लॅपटॉप टॅबपासून जरा दुसरीकडं वळवला. राजनंदिनी मात्र मघापासून कसला तरी हिशोब जुळवत होती. तिनं विचारलं, "मॅडम, सोनीकडं नळ किती दिसाआड येतो?"

अपेक्षानं सरांकडं पाहिलं.

"रोज येतो म्हणून सांग," सर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"रोज येतो," अपेक्षा म्हणाली. बोलता बोलताच तिची मान खाली गेली.

तिघींनी एकमेकींकडं बघितलं. राजनंदिनीनं टॅब बाहीनं पुसून अलगद टेबलावर ठेवला.

"मग सोनी हितली न्हाय, मॅडम," ती समजुतीनं म्हणाली. "पावणी आलीया कुटनं तरी."