रविवारचा गहू

"मिस्टर रादिच, सर्ब म्हणजे गुलाम ना हो?"

वरदानं विचारून टाकलं. मागे बस स्टॉपवर जेमा आणि ईशिता एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. इंटरनेटवर सापडलेलं हे वाक्य, सर्बियातून इंग्लंडला आलेल्या आणि शाळेसमोर रस्ता ओलांडून देणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकवायची पैज त्यांनीच लावली होती. आणि या वर्षी वरदा कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हती.

मिस्टर रादिचनी 'स्टॉप'ची, लांब दांड्याच्या लॉलिपॉपसारखी गोल पाटी जमिनीवर टेकवली. हसले नाहीत.

"हजार वर्षांपूर्वी एका परक्या सम्राटानं तसं लिहून ठेवलं. आम्हाला न विचारता. तू निदान विचारलंस." एक व्हॅन निघून जाईपर्यंत ते थांबले. "पंडितांचं अजून एकमत नाही. माझी आजी म्हणायची, सर्ब म्हणजे एका दुधावर वाढलेले. मग सख्खे असोत, नसोत."

"सॉरी," वरदा पुटपुटली.

"त्यात काय! रविवारी आमच्या घराण्याच्या संताचा दिवस. गहू शिजवायचा, त्यात साखर, अक्रोड."

"आमचा पण असतो घराण्याचा देव! खंडोबा!" वरदाला आता राहवेना. "कोणाकोणाला बोलावता?"

"कोणालाच नाही. बोलावलं की तो पाहुणा झाला. दार उघडं ठेवायचं, आपलं माणूस आपणहून येतं." ते पाटीच्या दांड्याकडे बघत राहिले. "बायको गेल्यापासून गहू उरतो. पक्ष्यांची चंगळ."

मग त्यांनी पाटी उंच धरली. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या आणि वरदा एकटी, सावकाश, रस्ता ओलांडून गेली.

वरदाची आई सख्ख्या बहिणीकडे लेस्टरला जायचं तरी आधी दोनदा फोन करणारी. तिच्यासमोर, पानं वाढून झाल्यावर, वरदानं जाहीर केलं, "रविवारी आपण मिस्टर रादिचकडे जेवायला जातोय. डिसाइड केलंय मी."

"आपले लॉलिपॉपवाले?" बाबांचा घास हातातच राहिला. "त्यांनी बोलावलंय?"

"नाही."

"अगं, मग असं कसं जायचं?" आई म्हणाली. "निदान फोन तरी करू या."

"फोन अजिबात नाही. आणि सकाळी पोहे करू नकोस हं, आई. भुकेलेच जाऊ. या वर्षी गहू उरता कामा नये."