मैदानाची राखण

नागपूरचे मोठे साहेब विमानानं येणार म्हणून वडनेरच्या पडीत रानात विमान उतरायचं मैदान तयार झालं, आणि ‘मैदानावर माणूस-जनावर दिसता कामा नये’ असा हुकूम शेषराव पाटलांकडे आला. मग काय, पाटलांच्या अंगातच आलं! दवंडी पिटवून ते स्वतः काठी घेऊन राखणीला बसले. अंबूबाई माळणीची बकरी नुसती कडेला चरताना दिसली, तर तिला ओढत नेऊन कोंडवाड्यात घातली.

"अवो पाटील, मुकं जनावर हाये, त्याले काय समजते?" अंबूबाई काकुळतीला आली.

"समजत नाही, म्हणूनच तर कोंडवाडा असते, बाई!" पाटील गरजले.

ठरल्या दिवशी विमान आलं, मैदानावर घिरट्या घालत राहिलं आणि न उतरताच नागपूरच्या वाटेला लागलं. उतरणार तरी कुठं? मैदानाच्या ऐन मध्यावर पाटलांनी साहेबांच्या स्वागताचा मांडव घातला होता, आणि त्याखाली हार घेऊन ते स्वतः उभे होते.



अंबूबाई पुढं झाली. "चाला पाटील, कोंडवाड्यात माह्या बकरीच्या बाजूले जागा हाये."