मूठ

"दोन्हीत फरक काय, तेवढं सांग," श्रीधर सर म्हणाले.

लॅबमध्ये शेजारी शेजारी दोन स्क्रीन चालू होते. एकावर अपेक्षाचा गेम: पदर खोचून समोरासमोर ठाकलेल्या दोन बायका. दुसऱ्यावर हिमांशूचा: तोंड बांधलेले दोन काळे योद्धे. दोन्हीकडं वर ताकदीची पट्टी, मधे साठ सेकंदांचं घड्याळ, तीन फेऱ्या. हिमांशूनं प्रोजेक्ट दोन दिवस आधी जमा केला होता. त्यामुळं नक्कल कुणाची, हे सरांच्या लेखी ठरल्यातच जमा होतं. तसं कागदावर आलं, की वर्ष गेलं. आणि वर्ष घालवून देवगाव रंगारीला परतलेल्या पोरीला पुन्हा शहरात कुणी धाडत नाही, हे अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं.

"सर, पट्टी, घड्याळ मारामारीच्या सगळ्याच गेममध्ये असतं," ती म्हणाली. "आखाडा एक, डाव तेच, म्हणून एक कुस्ती दुसरीची नक्कल होती व्हय?"

"ते मान्य," हिमांशू सावकाश म्हणाला. "पण ठोसासुद्धा हुबेहूब?"

सरांनी दोन्ही गेम एकदम चालवले. बाईनं ठोसा उगारला, योद्ध्यानंही. तोच झोक, तसाच मागं रोवलेला पाय. महिनाभर अपेक्षा आणि हिमांशू लॅबमधल्या एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं बसत होते. पण आता ते सांगून ऐकणार कोण?

"थांबवा सर! तिथंच." ती स्क्रीनपाशी वाकली. "त्या योद्ध्याची मूठ मोठी करून बघा."

काळी मूठ स्क्रीनभर झाली. तीन बोटं वळलेली. करंगळी ताठ.

"ही अशी का रे?" सरांनी विचारलं.

हिमांशूनं मान पुढं काढून पाहिलं. "बग आहे सर. कोडमधली चूक. दुरुस्त करायची राहिली."

सरांनी दुसऱ्या स्क्रीनवरच्या बाईची मूठ मोठी केली. तिथंही करंगळी ताठ.

"म्हणजे तुझ्यातही तोच बग?"

गेममधले ठोसे ज्यावरून उतरवले, तो व्हिडिओ अपेक्षानं मोबाइलवर लावून सरांपुढं धरला. त्यात सारजाबाई अंगणात उभी राहून, लेक सांगेल तसे हवेत ठोसे मारत होती आणि लाजून हसत होती. पाण्याच्या टँकरच्या पाइपापाशी झालेल्या झोंबाझोंबीत मोडलेली तिची करंगळी काही केल्या वळत नव्हती.

"बग नाय सर," अपेक्षा म्हणाली. "आई हाय माझी."