हौस माझी, उस्तवार तुमची

डॉक्टर म्हणाले, "फार तर चार महिने." त्याच दिवशी परतताना आजारी बायकोने भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून एक पिल्लू उचलून आणलं.

"आता हे कोण निस्तरणार?" तो वैतागला.

"तुम्ही. हौस माझी, उस्तवार तुमची."

झालंही तसंच. दूध, लसी, फरशी पुसणं, सगळं त्याच्याच गळ्यात. पिल्लू जवळ आलं की ती "हाड!" म्हणायची. एकदा तो चिडलाच, "अगं, एकदा तरी मांडीवर घे त्याला!"

"नको. माझी सवय लागली तर नंतर दारात वाट बघत बसेल बिचारं."

तिला जाऊन महिना झाला. पिल्लू पोटभर खातं, गाढ झोपतं, दाराकडे ढुंकूनही बघत नाही.

दारात तो एकटाच बसतो. चाळीस वर्षांची त्याची सवय तोडायची तेवढी राहून गेली.