राखून ठेवलेलं पाकीट

"डॉक्टर, औषध शोधत फिरायचं तर लक्ष ठिकाणावर लागतं. ते असतं तर औषध कशाला हवं होतं?" बसचालक बाई हसत म्हणाल्या. पण काल त्यांनी दोन थांबे चुकवले होते, आणि आणखी एक तक्रार आली की बस हातातून जाणार होती.

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही त्या विकाराच्या, गोळ्यांचा महिनाभर तुटवडा होता. "बसा," मी म्हणाले. "गोळ्या सापडल्याशिवाय तुम्हाला इथून उठू देत नाही."

हा दवाखाना आणि औषधांच्या दुकानांचे नंबर लिहिलेली ही वही गेल्या महिन्यात आई वारली तोपर्यंत तिची होती. आईला सगळ्याचीच यादी लागे. किल्ल्या, चष्मा, गॅस बंद केला का. दारामागे चिकटवलेल्या त्या कागदावरून आम्ही तिला चिडवत असू.

अठरा दुकानांनी नाही म्हटलं. एकोणिसावा दुकानदार फोनवर घुटमळला.

"एक पाकीट आहे, पण राखून ठेवलंय. आमच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, तुमच्यासारख्याच डॉक्टर. दर महिन्याला स्वतःच्या गोळ्या स्वतः येऊन नेतात. यादी घरी राहिली की इथेच काउंटरवर नवी लिहीत बसतात. या खेपेला अजून कशा आल्या नाहीत, कोण जाणे."

मी वहीतल्या अक्षरावर हात ठेवला.

"त्या आता येणार नाहीत. मी त्यांची मुलगी. ते पाकीट माझ्या पेशंटना द्या. आणि पुढच्या महिन्यापासून यांच्या नावाने राखत जा."