मोजून घातलेली साखर

बाटल्यांत भरण्याआधी घरच्या बियरला फेस यावा म्हणून पिंपात साखर घालतात, अगदी मोजून; जास्त झाली तर बाटल्या फुटतात. यंदा आमच्या तळघरात तीसच्या तीस बाटल्या फुटल्या.

“लुबोर, बियर भरलीस का बाँब?” शेजारचा ओताकार बाबांना म्हणाला.

बाबा हसले नाहीत. “साखर दोनदा घातली असणार मी. डोकं चालेनासं झालंय.” त्यांनी तळघराची किल्ली माझ्या हातात दिली, ती कायमचीच.

आता चहाच्या कपावर चमचा धरून ते थांबतात. “व्लास्ता, साखर घातली का गं मी?”

“नाही बाबा,” मी सांगते.

बाटल्या भरल्या त्या दिवशी, ते तळघरात उतरायच्या आधी, तेवढीच मदत म्हणून मी पिंपात साखर घालून ठेवली होती. ते मात्र अजून सांगवत नाही.