सुनेला कळू देऊ नका

"पिशवी काढून घ्या. सुनेला मात्र कळू देऊ नका."

धाकटी दाराबाहेरच थबकली. आवाज ताईच्या सासूचा, शंकाच नको. आतून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं. खाली जा, तिथे कागद करून घेतील."

खुर्ची सरकली तशी धाकटी खांबाआड झाली. सासू बाहेर आली. इकडेतिकडे बघत, चोरासारखी जिन्याने खाली सटकली.

धाकटीचं डोकंच सणकलं.

ताईच्या गर्भाशयात लिंबाएवढी गाठ होती. तिच्यापायी दोनदा पोटातलं बाळ गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. नुसती गाठ सोलून काढली तर पुढे मूल होऊ शकतं. आख्खी पिशवीच काढली तर विषय संपला. ताई म्हणाली, गाठच काढा. त्यावर सासू फणकारली होती, "पिशवीच काढा ना! रोजचं रडगाणं तरी संपेल." तेव्हापासून तीन आठवडे दोघींत बोलणं बंद.

आणि आज ही बया सकाळी सातलाच हजर. सून उपाशी, नि ही कॅन्टीनमध्ये बसून ऑम्लेट हाणतेय. वर दोन ग्लास सरबत.

धाकटी खोलीत घुसली. ताई हिरव्या गाऊनमध्ये बसली होती. मांडीवर ऑपरेशनचा फॉर्म, हातात पेन.

"सही करू नकोस." तिने फॉर्म हिसकावलाच.

"अगं, येडी का तू? आत्ता नेतील मला!"

"नेऊन काय काढणारेत, माहितीये? तुझ्या सासूने सांगितलंय, पिशवी काढा म्हणून. तुझ्या नकळत. या कानांनी ऐकलंय मी."

ताई पांढरीफटक पडली. तिने पेनाला टोपण लावून टाकलं.

"मग मला नकोच ऑपरेशन," ती म्हणाली. "घरी चल."

"थांब. आधी तिला बघते."

धाकटी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली. सासूची चप्पल एका दाराबाहेर दिसली. तिने दार धाडकन ढकललं.

"काकू! कुणाला विचारून तुम्ही—"

ती दारातच थांबली.

सासू पलंगावर आडवी होती. बाही खांद्यापर्यंत वर, कोपराच्या खोबणीत सुई, मुठीत रबरी चेंडू. नळीतून लाल धार खाली एका पिशवीत उतरत होती. पिशवी अर्धी भरली होती.

"ओरडू नका हो," रक्त काढणारा म्हणाला. "पेशंटच्या गटाचं रक्त मिळत नव्हतं. ह्यांचा गट जुळला म्हणून आज गाठ निघतेय. नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलणार होते."

सासूने धाकटीच्या हातातल्या चुरगळलेल्या फॉर्मकडे बघितलं. मग दाराकडे.

"हळू बोल गं बाई. माझं रक्त आहे कळलं, तर चढवून घ्यायची नाही ती. तसलं बोलून बसलेय मी तिला."